तळटीप

दस्तगीर मामा उद्यमनगरच्या गाळ्यात,
फोन खांद्यात, हात तेलात.
म्हणाला, वैनी, फोटोला भुलायचं न्हाई.
फोटोत गंजबी सोन्यावानी दिसतोय.

काय विचारू त्याला, म्हटलं.
त्याला म्हणजे फोनमधल्या लिलाववाल्याला,
ज्याचं नाव नुसतं आकड्यांचं
आणि तोंडाच्या जागी मोर.

इचार, मामा म्हणाला, महापुराच्या साली मशीन कुठं हुतं.
पाणी उतरतंय, वरनं रंग मारता येतोय,
पर बुडालेल्याच्या पोटात चिखल ऱ्हातोयच.
आडवं पाड म्हणावं, तळ दाव.
शटलचा फोटो, बॉबिन केसचा, नंबराच्या पट्टीचा,
आणि चाक फिरवतानाचा व्हिडिओ, आवाजासकट.
वर गाणं लावलं असंल तर सोडून दे.

मोरानं व्हिडिओ पाठवला. गाणं होतं.
मग लिहिलं, ताई, आणखी चौघं मागतायत,
हा चौकोन स्कॅन करा, पाचशे अनामत, मशीन तुमचं.
मी फॉल लावत होते, दातात दोरा.
पाचशे म्हणजे सात साड्या.
चौकोनाकडे बराच वेळ बघितलं
आणि दोरा तोडला.

गडहिंग्लजचं मशीन काळं, सोनेरी वेलबुट्टीचं.
डावीकडची वेल पुसून गेलेली,
जिथं कुणाचा तरी हात रोज टेकला असणार.
ते कुणी रंगवून झाकलं नव्हतं.
विकणारा विरूपाक्ष नेवडे.
मी लिहिलं, दुपदरी कापडावर टीप मारून दाखवा,
मग कापड उलटं करा.
दोन दिवस काही नाही.
तिसऱ्या दिवशी एक पुरुषी हात, चाचरत,
पायजम्याच्या तुकड्यावर.
टीप वाकडी. पण खालून गुंता नाही.
वाकडेपण हाताचं होतं.

टेबलाच्या कडेला खडूनं आकडा लिहून ठेवला होता.
बेचाळीसशे. त्याच्या पुढे जायचं नाही.
वडील गुळाच्या सौद्यात हमाल, म्हणायचे,
बोली चढायला लागली की आधी स्वतःचे पाय बघावेत.
लिलाव रात्री अकराला संपणार.
दहा पन्नासला छत्तीसशे. चोपन्नला एकोणचाळीसशे.
पलीकडे कोण होतं देव जाणे,
माझ्यासारखीच कुणी अंगठा रोखून बसलेली
की नुसताच भाव चढवणारा.
एक्केचाळीसशे, माझे.
वर पन्नास, कुणाचे तरी.
बेचाळीसशे, माझे.
पुढचा आकडा आला असता
तर खडू पुसला असता का मी,
अजून सांगता येत नाही.
आला नाही.

पैसे मशीन चालवून बघितल्यावर, मी लिहिलं, तुमच्या दारात.
तो नुसतं 'बरं' म्हणाला.

सकाळची एसटी. मामाच्या पिशवीत पेचकस,
माझ्या पिशवीत खणाचा तुकडा.
मामानं मशीन आडवं पाडलं, तळाला नाक लावलं.
चिखल न्हाई, म्हणाला. जुनं तेल. आणि जरा हळद.
आईचं आहे, विरूपाक्ष म्हणाला.
मग म्हणाला, होतं.
वहीच्या पानावर पावती लिहून दिली,
नंबर, तारीख, सही.
मीच मागितली होती, आणि मागताना ओशाळले होते.

बॉबिनमध्ये हिरवा दोरा, अर्धा.
काढू का, मामानं विचारलं.
राहू दे, म्हटलं.

मंगळवार पेठेत, माझ्या दुकानात,
पहिलं झंपर कळंब्याच्या एका बाईंचं.
वरून माझा लाल दोरा,
खालून तिचा हिरवा,
टाक्याटाक्याला एकमेकांत अडकलेले.
घालून बघितलं, म्हणाल्या, बसलं गं बरोबर.
अस्तराखाली कोण बघतंय.

साडेतीन झंपरं निघाली त्या दोऱ्यात.
चौथ्याच्या बाहीवर पाय चालत होता,
सुई खालीवर होत होती,
कापडाला ओळीनं भोकं पडत होती
आणि टीप नव्हती.