खंडवा लाइन

जेल रोडवरचा माझा जिना चढून
कुमुद रेशीमवाले आधी पाच मिनिटं नुसत्या धापा टाकत बसल्या.
मग म्हणाल्या, हाराखालचा फोटो नकोय हं मला.
तसला मुलगा काढवून घेईल, त्याला घाई आहे.

मी काळी मखमल ताणत होते,
सराफ्यातल्या एका पेढीनं टाकून दिलेली;
अजून तिच्यात कुठे कुठे टाचण्यांची भोकं आहेत.
दिवा एकच. त्याच्या तोंडाला डालड्याचा डबा,
बूड कापलेला, आतून काळा रंगवलेला.
उजेड सांडत नाही मग,
मापानं पडतो, दूध घालावं तसा.

समजावून सांगितलं :
अर्धा चेहरा दिसेल, अर्धा जाईल.
कुठे जाईल?
काळ्यात.
मग पैसे अर्धे घेणार का गं?

ट्रंक एक्स्चेंजात होत्या त्या. रात्रपाळी, बावीस वर्षं.
सियागंजातले हळदीचे भाव,
कुणाची आई गेल्याचे निरोप,
लग्न ठरल्याचे, मोडल्याचे,
सगळं त्यांच्या एका कानातून जायचं.
शहराला आवाज पाठ, चेहरा नाही.
भाजीवालीला नुसतं ‘आलं कसं दिलं’ विचारलं
तरी शेजारचं कुणी दचकून वळायचं.

आणि खंडव्याच्या बोर्डावर बोरगावकर.
लाइन मोकळी असली की दोन-चार वाक्यं.
जेवलात? हो. तुम्ही?
आज साडी कोणती?
मोरपिशी.
काठ?
काठ नाही सांगत.

‘रंग सगळे सांगून झालेत त्याला,
म्हणून काळा-पांढराच काढ.
आता मोतीबिंदू निघालाय त्याचा.
लिहिलंय, एकदा बघावंसं वाटतं.’

एवढं बोलून त्यांनी पदर सारखा केला
आणि चेहऱ्याला कुलूप घातलं,
घालतात सगळेच, स्टुलावर बसले की.

दिवा वर नेला : डोळ्यांच्या जागी खोबणी.
खाली आणला : मुलांना भिववायची गोष्ट.
बाजूला, जरासा मागे :
नाकाची सावली गालावर आडवी पडली
आणि तिच्या पलीकडे उजेड उरला शंकरपाळ्याएवढा.
मुळ्ये मास्तर असते तर म्हणाले असते, घे.
मी नाही घेतला. बरा होता. नुसता बरा.

डबा वळला तो माझ्या कोपरानं, मुद्दाम नव्हे.
उजेड त्यांच्या डाव्या कानावर गेला.
कानाच्या वर, केसांत, एक खाच.
हेडफोनच्या पट्टीची.
नोकरी सुटून अकरा वर्षं झाली,
तिथले केस अजून आडवेच उगवतात.

मान आपोआप तिकडे कलली.
ओठ हलले नाहीत. पण त्या थांबल्या,
पलीकडे कुणी बोलण्याआधी श्वास घ्यावा
आणि तो ऐकू यावा, तशा.

बटण दाबलं.

रात्री लाल दिव्याखाली
कागदावर आधी कान आला,
मग खाच, मग खालच्या ओठाची कड.
दुसरी बाजू येईना. येणारच नव्हती,
मीच ठेवली होती तशी,
तरी ट्रे हलवत राहिले, पाणी गार होईपर्यंत,
हायपोचा वास बोटांत घेऊन.

चौथ्या दिवशी त्या आल्या.
फोटो खिडकीशी नेला, जवळ धरला, लांब धरला,
काळ्या बाजूवरून अंगठा फिरवला.
‘नाक आईचं आलंय. त्याला काही करता येत नाही ना?’
नाही, म्हटलं.
‘असू दे. नाकाबद्दल कधी बोलणं झालं नाही.’

पैसे दिले. पूर्ण. सुट्टे, मोजून.
मग माझंच पेन मागून घेतलं
आणि फोटो उलटा करून, कोपऱ्यात,
बारीक अक्षरात लिहिलं :
गुलबक्षी होता.

शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसल्या.
‘पोस्ट किती वाजेपर्यंत उघडं असतं गं?’