दोन पौंड कमी

इद्रिसच्या डाव्या अंगाला आता ऊन-गार कळत नाही.
उजवं अंगच दोघांच्या वाटचं ओरडतं.
शनिवारी शॉवरखाली ते ओरडलं
तोवर डावा खांदा लालबुंद झाला होता.

आमचं घर म्हणजे साडेसहा फूट रुंदीची बोट,
वेल्समधल्या एका कालव्यात बांधून ठेवलेली.
कालव्याला ना भरती ना ओहोटी,
सगळी आदळआपट नळात.
पंप दम खात ढकलतो: धक्, धक्, आणि गप्प.
पाणी मंदावलं की गीझरची ज्योत विझते,
उसळलं की पुन्हा पेटते.
मधे माझा नवरा, एक हात दांडीला.

नेरिस फोनवर म्हणते, "आई, बोट विकून टाका."
म्हटलं, आधी फळी तर उचलू दे.

फळीखाली, पंपाला खेटून,
लाल भोपळ्याएवढी टाकी.
आत रबरी पिशवी. एका अंगाला पाणी,
दुसऱ्या अंगाला नुसती हवा.
तिचं काम इतकंच, पंपाचे धसके पोटात घालायचे,
नळाला काही कळू द्यायचं नाही.

व्हॉल्व्हची पिन दाबली,
सायकलच्या चाकाला असते तशी.
फुस्स झालं नाही.
बोटावरून पाणी ओघळलं.
पिशवी फाटलेली. किती महिने, कुणास ठाऊक.

धक्क्यावरचा टेगिड नवी टाकी घेऊन आला.
"पंप वीसला सुरू होतो ना? मग हवा अठरा.
दोन पौंड कमी. कायम कमी.
जास्त भरलीत तर धार मधेच अडखळेल."
मी पंप बंद केला, नळ उघडून सगळं पाणी जाऊ दिलं,
आणि इद्रिसच्या जुन्या सायकलपंपाने
हवा भरत बसले.
एकोणीस झाली. एक सोडली.
चाळीस वर्षांच्या संसारात हे मला
कुणी आकड्यात सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी त्याला उभं केलं.
सलग धार. ज्योत जागची हलली नाही.
त्याने उजवा हात धरला पाण्यात,
मग उजव्यानेच उचलून डावा.
"इकडेही ऊन आहे का गं?"
मी कोपर धारेखाली धरलं.
"आहे. तेवढंच."

रात्री दोनला पंप अर्धा क्षण बोलला.
नळ तर सगळे बंद.
म्हणजे कुठेतरी थेंब गळतोय.
पुन्हा बोलेपर्यंत अंधारात मोजत पडले:
चारशे बारा.
इद्रिस उजव्या कुशीवर होता.
त्याला उठवलं नाही.