ठकी वरच्या बंकवर

मुरगावच्या धक्क्याला बोट लागलेली,
रात्री साडेअकराला सुटणार.
सातव्या डेकवरची कोपऱ्यातली खोली माझी,
म्हणजे माझी नव्हे, मी आवरतो ती.
माणसं मिरजेची. मुलगी चार वर्षांची, कैरवी,
आणि एक बाळ, दात अजून दोनच.

मोठ्या पलंगाच्या मधोमध
बाईंनी चार उशांचा कोट रचला होता,
आत बाळ, मुठी वळून.
"बरोबर केलंय ना?"
"कोट झकास आहे, बाई,
पण उशी म्हणजे भिंत नव्हे.
भिंत कुणाच्या तोंडावर येऊन निजत नाही."

मग खालून घडीचा पाळणा आणला.
पाळणा नुसता म्हणायला, हा हलत नाही,
हलायचं काम बोट करते.
चारी कोपरे कट्ट वाजेपर्यंत दाबले,
गादी आणि जाळीच्या मधे बोटं घालून पाहिली.
दोन मावली तर गादी बदलतो.
नाही मावली.
दुपटं बाईंच्या हातात परत,
मोहरीची उशी परत, कापडी ससाही परत.
"मोकळाच ठेवायचा?"
"मोकळाच. आणि पाठीवर निजवा.
गारठा वाटला तर एसी कमी करू,
पांघरूण वाढवायचं नाही."

पडद्याच्या दोरीपासून पाळणा लांब सरकवला.
बाल्कनीच्या दाराची वरची कडी घातली,
बाहेरच्या दोन्ही खुर्च्या आत ओढल्या.
चार वर्षांच्या पोरीला
खुर्ची म्हणजे जिना.

कैरवी तेवढ्यात छताकडे बघत होती,
घडी घालून टांगलेल्या बंककडे.
"मी तिथे."
"सहा पूर्ण झाली की."
"म्हणजे परवा?"
तिचे बाबा म्हणाले, कठडा आहे की त्याला.
कठडा असतो, साहेब.
पण मुलं झोपेत चालतात, पोहतात, भांडतात,
कठड्याला त्यातलं काही सांगत नाहीत.
शिडी माझ्या कपाटात. तिथेच राहील.

तिने पाठीमागून बाहुली काढली,
सावंतवाडीची, लाकडी, डोईवर रंगवलेली वेणी.
"ठकीला सहा झालीत."
वीस वर्षं मी नियम पाठ म्हणतोय,
त्यात ठकी कुठेच बसेना.
मी बंक खाली घेतला, ठकीला वर निजवलं,
कैरवीला समोरच्या सोफ्यावर, भिंतीच्या बाजूने,
उघड्या बाजूला जाळीचा कठडा खोचून.

बंदराचा बांध मागे पडला
की समुद्र पहिल्यांदा खांदा लावतो.
सव्वाबाराला घंटी.
बाई दारातच, चेहरा पांढरा.
"आवाज झाला हो. मला वाटलं..."
वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

कैरवी सोफ्यावर, धडधाकट, डोळे टक्क.
ठकी गालिच्यावर उपडी,
नाकाचा टवका उडालेला.
पोरीने वर पाहिलं, खाली पाहिलं,
पुन्हा वर पाहिलं.
ते अंतर तिने कशाने मोजलं कोण जाणे.
रडली नाही. बंक मागितला नाही.
ठकीला उचलून म्हणाली,
"तू पाच वर्षांचीच आहेस."

बाळ? मोकळ्या पाळण्यात, पाठीवर.
त्याला काही कळलंसुद्धा नाही.

मी बंक मिटत होतो.
"गुरुदास," बाईंनी माझी पाटी वाचली,
"तुमची मुलं कशावर झोपतात?"
"एकच मुलगी. सड्यावर घर आहे,
मघाशी बंदराच्या माथ्यावर दिवे दिसले ना, तिथे.
खाली हातरीवर झोपते.
जमिनीवरून कोण पडतं?"
बाई हसल्या. जरा रंग आला चेहऱ्यावर.

एवढंच बोललो.
हे नाही सांगितलं की नऊ महिन्यांनी
सुट्टीवर घरी गेलो की पहिल्या रात्री,
ती गाढ झोपल्यावर,
हातरी आणि भिंत यांच्या मधे
मी दोन बोटं घालून बघतो.
बायको अंधारातच विचारते,
"मावली?"