खालची बाजू

पट्टा किंचाळायचा, पण डबक्यातून गेल्यावरच.
कोरड्या रस्त्यावर तीच कोरोला गुणी बाळासारखी,
म्हणून महिनाभर मी दोष देत राहिले
पट्ट्याला, पुलीला, दोन हजार दोन सालाला.

मग एका रविवारी, ओडील मावशीच्या अंगणात
पुढची चाकं रॅम्पवर चढवली, पाठीवर आडवी झाले
आणि वर पाहिलं.
इंजिन उघडं.
चार गंजके बोल्ट, त्यांतल्या दोघांना
काळ्या प्लास्टिकच्या फाटक्या कानपाळ्या लटकलेल्या.
झाकणाचं एवढंच मागे उरलं होतं.
कधी गळालं, कोण जाणे. मार्चमध्ये
बर्फाचं एक ढेकूळ खालून धाडकन लागलं होतं खरं.
तेव्हा मी रेडिओ मोठा केला होता.

इथली माती लाल. टिग्निशच्या बाजूला
बटाट्याचे ट्रक ती शेतातून डांबरावर आणतात,
पाऊस तिची लापशी करतो,
आणि ती लापशी मी महिनाभर इंजिनाला भरवत होते:
पट्ट्यावर, अल्टरनेटरवर, तारांच्या सांध्यांत,
जिथे बोट पोचत नाही तिथेसुद्धा.

"काय दिसतंय?"
टॉर्च मावशीच्या हातात होता, म्हणजे उजेड
माझ्या कोपरावर, कुंपणावर, मांजरावर,
बोल्ट सोडून सगळीकडे.
"गाडीला लंगोट नाही," मी म्हणाले.
"आधी होता?"
"असतो. कंपनी देते."

नवा मागवायचा तर एकशे साठ डॉलर आणि तीन आठवडे.
भंगारवाल्या एल्फेजकडे एक निघाला,
पण तो दुसऱ्या इंजिनाचा, भोकं चार बोटं सरकलेली,
आणि वर त्याची भाषा अशी की जणू सोनं विकतोय.

मावशी काही न बोलता शेडमध्ये गेली
आणि परत आली ती स्वतःलाच बगलेत मारून.
पोकळ पन्हाळ्यांच्या प्लास्टिकचा फलक, निळा,
त्यावर ती हसते आहे, मागे केस वाऱ्यावर,
खाली नाव, आणि नावाखाली ठळक: आधी रस्ते.
नगरपरिषदेला ती अकरा मतांनी पडली होती.
असे चौतीस फलक अजून शेडमध्ये उभे.

कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर माप घेतलं.
सायलेन्सरच्या नळीकडचा कोपरा कापून टाकला,
तिथे बिस्किटांच्या डब्याचा पत्रा ठोकला, वितळू नये म्हणून.
तेल सोडायचं भोक नेमकं हनुवटीवर आलं.
तीन बोल्ट कुरकुरत फिरले.
चौथा तुटला, त्याच्या जागी दोन झिप टाय,
आणि सगळ्यांखाली रुंद वॉशर, बशीएवढे.

लावायच्या आधी विचारलं,
"चेहरा वर करू की खाली?"
टॉर्च पहिल्यांदाच स्थिर झाला.
"खाली कर.
चिखलफेक मला नवी नाही."

संध्याकाळी मुद्दाम डबक्यातून गेलो, दोनदा.
पट्टा गप्प.
मावशी एवढी खूश की तिसऱ्यांदा जायला लावलं.

ऑक्टोबरात वार्षिक तपासणी. थिओडूलने
गाडी लिफ्टवर घेतली, खाली उभा राहिला
आणि बराच वेळ काही बोललाच नाही.
मग अंगठ्याने चिखल पुसला.
एक डोळा निघाला. मग दुसरा.
"ओडील," तो मान वर ठेवूनच म्हणाला,
"मत मी तुलाच दिलं होतं, बरं का."

मावशीने पर्सची साखळी बंद केली.
शिक्का मिळाला, पैसे दिले, निघालो.
पूल ओलांडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.
"हा धरून सत्तावीस झाले," मग म्हणाली.
मी हसू की नको, ठरवत होते,
तेवढ्यात तो खड्डा आला, दुकानासमोरचा,
तिच्या भाषणात होता तोच,
आणि आमच्या पायांखाली प्लास्टिक
क्षणभर थरथरलं.