कोणत्या फुलावर

सीताखाईच्या वरच्या अंगाला, चैतात,
नाला आटून तीन डबकी उरतात.
त्यांच्याभोवती पुरेल तेवढंच गार रान,
कारवीच्या काड्या, नेचे, जांभळाची सावली.
बाकी तोरणमाळ तव्यासारखा.

मला रकाना भरायचा होता :
फुलपाखरू कोणतं, कोणत्या फुलावर, किती वेळ.
पुढे गिलदार पावरा,
वणवा विझवायला ठेवलेला हंगामी मजूर,
चपला काढून काखेत धरलेल्या.
पाचोळा वाजला की ते उठतं, म्हणाला.

ते म्हणजे नेमकं काय, दिसेना.
सादड्याच्या खोडाला एक वाळकं पान, उलटं.
मधली शीर सरळ. कडेला बुरशीचा डाग.
एका ठिकाणी कीड लागून पडावं तसं भोक.
आणि देठ, खोडाला टेकलेला.
'पान शे,' मी म्हटलं, बाजारातल्या बोलीत.
'पान शे,' तो म्हणाला,
हसला मात्र नाही.

पान पीत होतं.
सादड्याला कुऱ्हाडीचा जुना घाव,
त्यातून ताडीच्या वासाचा पाझर,
मुंग्या, दोन गांधीलमाश्या, आणि रांगेत हे.
फुलाकडे हे जातच नाही.
पडलेलं फळ, आंबलेला मोह, झाडाची जखम :
एवढ्यावर भागतं त्याचं.
रकान्यात यातलं काही बसत नव्हतं.

मग माझाच बूट घसरला
आणि पान फाटल्यासारखं उघडलं.
आत निळं,
कोळसा धरतो तेव्हाच्या पहिल्या जाळाचं निळं,
त्यावर आडवा नारिंगी पट्टा.
क्षणभर.
पाचोळ्यावरून ते लखलखत गेलं
तसा गिलदारचा हात
आपोआप ओल्या फांदीकडे गेला. झोडपायला.
तीन उन्हाळे हेच काम.
फांदी अर्धी मोडून तो थांबला,
स्वतःशीच काही पुटपुटला, पावरीत.
ते मी विचारलं नाही.

उतारावर कुठेतरी ते मिटलं.
मिटलं म्हणजे संपलंच,
साग, मोह, धावड्याच्या लाखभर पानांत
आणखी एक.

मी लिहिलं : संख्या एक. फूल,
आणि पेन तसंच धरून राहिलो.
'दोन लिखा,' गिलदार म्हणाला.
दुसरं कुठे शे?
त्याने चपला दुसऱ्या काखेत घेतल्या,
पाय उचलला,
आणि ठेवायला जागा शोधत राहिला.