एक फुल, एक हाफ

कुडचड्याच्या थेटराच्या खिडकीत वाकून
बाबा म्हणाले, ‘एक फुल, एक हाफ.’
खिडकीतल्या मुलीने आधी त्यांच्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे, मग माझ्या दाढीकडे.
मी चौतीस वर्षांचा आहे, असं मीच तिला सांगितलं.
बाबांनी ते मान्य केलं,
पण थोडा वेळ घेतला.

पिक्चर असा होता :
एका बेटावर एक बाप, एक मुलगा
आणि एक मगर, जिला पाढे येत होते.
दर अमावास्येला मुलगा बोटभर वाढायचा
आणि बाप तेवढाच, बोटभर, कमी व्हायचा.
कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.
मगर हिशेब ठेवायची.
बाप आधी शिंक्यासाठी स्टुलावर चढला,
मग मुलाच्या खांद्यावर,
मग फणसाच्या पानाच्या द्रोणात न्हायला लागला
आणि दुपारी काजूच्या बोंडाला टेकून
डुलक्या काढायला.

बाबांना हे सगळं पटलं.
मगरीलासुद्धा त्यांनी हरकत घेतली नाही.
पण मुलाने होडी धक्क्याला बांधली
तेव्हा अंधारात ते मोठ्याने म्हणाले,
‘अशी गाठ? भरती येऊ दे, मग कळेल.’
मागून कुणीतरी ‘शूऽ’ केलं.

बावीस वर्षं बार्जवर काढलेल्या माणसाला शू!
सावर्ड्याच्या धक्क्यावर लाल माती भरायची,
मुरगाव बंदरात रिकामी करायची,
जुवारीचं एकेक वळण झोपेत घ्यायचं.
मग खाणी बंद झाल्या, बार्ज चिखलात रुतली,
तिच्या डेकवर आता गवत आहे, गवतात बगळे.
आणि बाबा घरात बसून
वाळत घालायच्या दोरीला, पडद्याला,
माझ्या बुटांच्या नाड्यांना
बार्जची गाठ मारतात.
मी रोज कामावर उशिरा पोचतो.

मध्यंतरात त्यांनी मिरचीच्या भज्याचे दोन भाग केले.
मोठा मला दिला.
पिक्चर अर्धा पाहूनसुद्धा.

शेवटी बाप इतका लहान झाला
की मुलाने त्याला शर्टाच्या खिशात ठेवलं
आणि होडी समुद्रात लोटली.
(गाठ आपोआप सुटली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.)
खिशातून आवाज यायचा :
डावीकडे घे, खडक आहे.
मुलगा डावीकडे घ्यायचा.
खडक असायचाच.
मगर धक्क्यावर बसून उलटे पाढे म्हणत होती,
दिवे लागले तरी तिचं संपलं नव्हतं.

पंचवाडीची शेवटची बस.
पायरी उंच होती, मी हात पुढे केला,
बाबांनी तो पाहिलाच नाही, दांडी धरली
आणि दुसऱ्या खेपेला चढले.
त्यांचा निळा शर्ट
हल्ली खांद्यावरून खाली सरकलेला असतो.
बोटभर. जास्त नाही.

कंडक्टर आला. मी म्हणालो, ‘एक फुल...’
आणि पुढे काही सुचेना.
तो यंत्र धरून उभा राहिला.
बस पुलावर होती,
बाबा काचेला नाक लावून खाली बघत होते,
तिथे काळोखात कुठेतरी त्यांची बार्ज असणार.

सुटे पैसे काढायला
मी शर्टाच्या खिशात हात घातला.

‘सांभाळून,’ बाबा म्हणाले,
मान न वळवता.