भोंग्याचा सा

ठोसर मिलमध्ये टाइमकीपर होते.
कोण किती मिनिटं उशिरा आला हे लिहिणं, ही नोकरी.
क्लॅरिनेट हा नुसता शौक,
असं निदान लग्नाआधी बायकोला सांगितलं होतं.

सत्त्याहत्तर साली त्यांनी वाद्यवृंद काढला.
परदेशीपुऱ्यात, तेलाच्या रिकाम्या गोदामात, भाडं चाळीस.
महूच्या फौजी बँडातून निवृत्त झालेले थॉमस मसीह
युफोनियमचं अर्धं तिकीट काढून बसने यायचे.
सायझिंग खात्यातला छगन यादव ढोलकवर,
वरातीच्या बँडमधून फोडलेला शकूर ट्रम्पेटला,
व्हायोलिनच्या मागच्या रांगेत मी, चौदा वर्षांची.
माझे वडील त्याच मिलमध्ये, रोज उशिरा जाणारे.
मला घेतलं ते त्यामुळे की काय, कधी विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी भांडण: सूर कुणाचा घ्यायचा?
ट्रम्पेट एक सांगे, पेटी दुसरंच.
तेवढ्यात संध्याकाळच्या पाळीचा भोंगा झाला.
ठोसरांनी बोट वर केलं.
हा. हा घ्या.
हा कुणाच्या घरचा नाही.

मग पेटीच्या पितळी जिभल्या एकेक काढून
तीन रात्री कानशीने घासल्या,
पेटी भोंग्यासारखी बोलू लागेपर्यंत.

तिकीट दोन रुपये, मागे उभं राहायला आठ आणे.
अंगठी गेली, पाटल्या गेल्या,
मग फंडातून कर्ज. कारण: मुलीचं लग्न.
मुलगी नव्हतीच. दोन मुलगे, दोघांनाही गाण्याचा कंटाळा.
साबणवाल्या शेठनी विचारलं, आमचं नाव गाण्यात येईल का?
गाण्यात नाही, पडद्यावर येईल, ठोसर म्हणाले,
पण पडदाही तुम्हालाच द्यावा लागेल.
आला पडदा. निळा, कडेला साबणाचा हंस.
मानधन म्हणाल तर थंडीत सराफ्यातलं गराडू,
आणि एक वही, प्रत्येकाच्या नावापुढे बाकी लिहिलेली.

एकदा मुंबईहून नावाजलेला ॲकॉर्डियनवाला बोलावला.
पाचव्या मिनिटाला त्याने हात काढून घेतला:
तुमचा सगळा वृंद पाव सूर चढा आहे!
ठोसर अदबीने म्हणाले,
साहेब, वाद्य तुमचं बरोबर आहे. गाव वेगळं आहे.
रात्री तो एकटाच वाजवत बसला, आम्ही विंगेतून ऐकलं.
सुंदर वाजवलं. पैसे पूर्ण दिले, उसने घेऊन.

आणि अनंत चतुर्दशी.
झांकीमागच्या ट्रकवर रात्रभर,
पहाटे चारला राजवाड्यासमोर शकूरचे ओठ सोललेले,
छगन झोपेत, ठेका जागा.

मग एका सकाळी सहाचा भोंगा झाला नाही.
आख्खा परदेशीपुरा टक्क डोळ्यांनी अंथरुणात पडून राहिला,
माझे वडीलसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा वेळेआधी जागे.

संध्याकाळी गोदामात सगळे आले.
कुणी वाद्याची पेटी उघडेना.
ठोसरांनी भाता ओढला, काळी दोन दाबली,
दाबूनच ठेवली.
बाहेर एक माणूस सायकलवरून उतरला
आणि त्याने मनगटाकडे पाहिलं.
त्यावर घड्याळाचा नुसता गोरा पट्टा होता.

त्यानंतर आम्ही अकरा वर्षं वाजवलं.
लग्नं, गणपती, दोनदा भोपाळ, एकदा रेडिओ.

ठोसर गेले तेव्हा वहीत माझे तीनशे बारा निघत होते.
धाकट्याने पाकीट पुढे केलं.
मी म्हटलं, पेटी दे.

आता माझ्याकडे मुलं शिकायला येतात,
फोनवर सूर तपासून.
पेटी दाबली की हिरवा दिवा लागत नाही.
मॅडम, ही चुकतेय, म्हणतात.
मी म्हणते, खुंटी पिळा. थोडी.
अजून थोडी.